मधला रकाना

नीतीचे प्रश्न म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सामान्यतः मोठे प्रसंग उभे राहतात. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा, न्यायासनासमोर उभा असलेला साक्षीदार, लाच नाकारणारा अधिकारी, अशीच उदाहरणे आपण मुलांना सांगतो व स्वतःही आठवतो. परंतु मनुष्याच्या सत्यप्रीतीची पहिली परीक्षा अशा मोठ्या प्रसंगाची वाट पाहत नाही. ती एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या जागी, कोणी पाहत नसताना, त्याच्याही नकळत होऊन जाते. अशा एका जागेचा विचार प्रस्तुत लेखात करावा असा आमचा हेतू आहे. महाविद्यालयात रसायनशास्त्राचा आरंभीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची जी प्रात्यक्षिकाची वही असते, व जिला सर्व महाराष्ट्रात ‘जर्नल’ या नावाने ओळखतात, त्या वहीतील मधला रकाना ही ती जागा होय.

ज्यांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. विद्यार्थ्याच्या हाती चिमूटभर क्षार दिलेला असतो. त्याचे नाव त्यास ठाऊक नसते. ते त्याने शोधून काढावयाचे असते. यासाठी वहीच्या पानावर तीन रकाने आखलेले असतात. पहिला कृतीचा, दुसरा निरीक्षणाचा, तिसरा अनुमानाचा. उदाहरणार्थ, क्षाराच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले, ही कृती. पांढरा, गुठळ्यांचा साका पडला व तो अमोनियात विरघळला, हे निरीक्षण. यात क्लोराइड असले पाहिजे, हे अनुमान. पुढे क्षाराचा कण ज्योतीत धरला, ज्योत पिवळसर हिरवी झाली, म्हणून बेरियम असावे. मग त्याची खात्री करण्यासाठी पोटॅशियम क्रोमेट घातले, पिवळा साका आला, म्हणून बेरियमच होय. डावीकडून उजवीकडे अशी एकेक पायरी चढत विद्यार्थी शेवटी लिहितो: दिलेला क्षार बेरियम क्लोराइड.

ही झाली योजना. प्रत्यक्षात पुष्कळदा घडते ते असे. क्षाराचे नाव विद्यार्थ्यास आधीच्या तुकडीतील मित्राकडून कळलेले असते, किंवा स्फटिकांच्या रंगारूपावरून त्याने ते ताडलेले असते. मग तो प्रथम शेवटची ओळ लिहितो, तिच्यावरून तिसरा रकाना भरतो आणि तिसऱ्यावरून दुसरा. ज्योत हिरवी दिसली की नाही, हे पाहण्यासाठी त्याने ज्योत पेटविलेलीही नसते. अनुमापनाच्या प्रयोगातही हाच प्रकार. ब्युरेटमधील तीन वाचने एकमेकांशी जुळली पाहिजेत, असा नियम आहे. नवशिक्या हाताने घेतलेली वाचने सहसा इतकी जुळत नाहीत. एकदा १०.४, एकदा ९.९, एकदा १०.१ असे काही तरी येते. परंतु वहीत मात्र १०.०, १०.०, १०.० अशी तीन आज्ञाधारक जुळी भावंडे ओळीने उभी असतात. त्यावरून केलेले गणित बिनचूक येते, परीक्षक संतुष्ट होतो व पूर्ण गुण पडतात.

आता प्रश्न असा की, येथे बिघडले काय? क्षार खरोखरच बेरियम क्लोराइड होता. द्रावणाची संहतीही वहीत आली तेवढीच होती. उत्तर खरे, नोंद तेवढी खोटी. अशा खोट्या नोंदीवर उभ्या असलेल्या खऱ्या उत्तरास ज्ञान म्हणावे काय? आणि या नोंदीत खरोखर काही नैतिक दोष आहे, की ती वयसुलभ खोडी समजून सोडून द्यावी?

पहिल्या प्रश्नाचा विचार आपल्याकडील नैयायिकांनी फार पूर्वी करून ठेवलेला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी ज्ञानाची चार साधने त्यांनी मानली, व त्यांतील अनुमान हे प्रत्यक्षाच्या आधारावाचून उभे राहत नाही असे ठरविले. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. हा दृष्टांत इतका परिचित आहे की, त्यातील मर्म आपल्या ध्यानातून निसटते. अग्नी न पाहता अग्नीविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? तो धुराने दिला. धूर काढून घ्या, म्हणजे अग्नीविषयीचे आपले वाक्य खरे असले तरी ते आपले ज्ञान राहत नाही. एखाद्याने धुळीचा लोट पाहिला, त्यास धूर समजून अग्नीचे अनुमान केले, आणि योगायोगाने तेथे अग्नी होताच, तर त्यास ज्ञान झाले असे म्हणावे काय, यावरही आपल्या पंडितांनी वाद केले आहेत. आमचा विद्यार्थी त्या धुळीने फसलेल्या मनुष्याच्याही एक पायरी खाली आहे. त्या बिचाऱ्याने निदान डोळे उघडून काही तरी पाहिले होते. याने काहीच पाहिले नाही. डोंगरावर अग्नी आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकले, आणि ‘मी धूर पाहिला’ असे लिहून दिले. अग्नीवरून धूर निर्माण करण्याची ही नवी न्यायपद्धती आहे.

ही रीत सर्वत्र चालते आणि तिचा दोष कोणत्याही एका संस्थेकडे जात नाही. परंतु तिचा विचार करावयाचा तर नांदेड व लातूर या दोन शहरांकडे पाहावे असे आम्हांस वाटते. कारण महाराष्ट्रात विज्ञानाच्या परीक्षांना जितके महत्त्व या दोन शहरांत आले आहे तितके क्वचितच अन्यत्र आले असेल. त्याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण मिळे ते उर्दूतून, आणि तेही दूर हैदराबादेस. मराठी घरातील मुलास स्वतःच्या गावी महाविद्यालयाचे तोंड पाहावयास मिळत नसे. पुढे १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड येथे पीपल्स कॉलेज निघाले. १९६३ साली तेथेच यशवंत महाविद्यालय सुरू झाले. लातुरास १९६१ साली दयानंद व १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय स्थापन झाले. म्हणजे ज्या प्रदेशातील आजोबांस प्रयोगशाळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्याच प्रदेशातील नातू बारावीच्या गुणवत्तायादीत झळकू लागले. गेल्या शतकाच्या अखेरीस ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घरोघरी झाला. नियमित वर्ग, वारंवार चाचण्या, चुकांची उजळणी आणि पुन्हा चाचण्या, हे त्याचे स्वरूप. आज दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले या दोन शहरांत येऊन खोल्या घेऊन राहतात, खानावळीत जेवतात व दोन वर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करतात.

या परिश्रमाची टवाळी करणे आम्हांस मान्य नाही. अहमदपूर, मुखेड, कंधार वा उदगीर यांसारख्या तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीस डॉक्टर होण्याचा जो एकच मार्ग खुला आहे तो गुणांचा आहे. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांनी तिच्या गुणांच्या हव्यासास हसणे हे पोट भरलेल्याने उपाशी माणसास मिताहाराचा उपदेश करण्यासारखे आहे. तथापि हे मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. बारावीच्या रसायनात १०० पैकी ७० गुण लेखी परीक्षेस व ३० प्रात्यक्षिकास आहेत. पण वैद्यकीय प्रवेश ज्या ‘नीट’ परीक्षेवर ठरतो, तिच्यात प्रात्यक्षिक नाही. २०२५ सालच्या त्या परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण होते. त्यांपैकी रसायनाचे प्रश्न ४५ व गुण १८०. बरोबर उत्तरास चार गुण, चुकलेल्या उत्तराचा एक गुण वजा. चार पर्यायांतून योग्य तो निवडावयाचा. तेथे पहिला व दुसरा रकानाच नाही. फक्त तिसऱ्या रकान्याची शेवटची ओळ आहे. मग ज्याच्यासाठी वेळ मोजून मिळतो, त्या विद्यार्थ्याने पहिले दोन रकाने उरकून टाकले तर त्यात नवल ते काय?

यावर पहिला आक्षेप असा निघतो की, या प्रयोगांची उत्तरे जगास शेकडो वर्षांपासून ठाऊक आहेत. बेरियमची ज्योत हिरवी असते हे एका मुलाने पुन्हा पाहिले नाही म्हणून विज्ञानाचे काय अडले? हा आक्षेप वरवर सबळ दिसतो, परंतु तोच आमच्या म्हणण्यास पुष्टी देतो. उत्तर ठाऊकच आहे, तर ते काढण्यासाठी मुलास प्रयोगशाळेत पाठवण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन एवढेच की, आपण पाहिले ते व आपण ऐकले ते, यांतील भेद त्याच्या मनावर ठसावा. लातूरच्या आडत बाजारातील जुना मुनीमही हा भेद जाणत असे. व्यवहार घडला की तो प्रथम रोजकीर्दीत चढवावयाचा आणि कीर्दीवरून मग खतावणी करावयाची, हा हिशेबाचा धर्म. ज्या पेढीत खतावणीची बेरीज आधी ठरवून तिच्याशी जुळेल अशी कीर्द मागाहून लिहितात, त्या पेढीची बेरीज कितीही बरोबर असो, तिच्याशी कोणी शहाणा व्यापारी व्यवहार करीत नाही. जर्नलचा मधला रकाना ही विद्यार्थ्याची रोजकीर्द होय.

शिवाय, जे पाहिले नाही ते पुस्तकात असतेच असे नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन करताना द्रावण साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवावे लागते, हे पुस्तक सांगते. पण पहिला जांभळा थेंब पडल्यावर तो लगेच नाहीसा होत नाही, गुलाबी छटा काही काळ रेंगाळते, आणि काही थेंबांनंतर मात्र प्रत्येक थेंब पडता क्षणीच विरून जाऊ लागतो, हे दृश्य ज्याने पाहिले त्यालाच ‘असे का?’ हा प्रश्न पडतो. या क्रियेतून जे मँगनीजचे आयन निर्माण होतात तेच पुढील क्रियेस वेग देतात, हे त्याचे उत्तर. मित्राच्या वहीवरून १०.० ही संख्या उतरवून घेणाऱ्यास हे उत्तर पाठ असू शकेल; पण प्रश्न त्याच्याजवळ कधी येणारच नाही. अंतिम संख्या नक्कल करता येते, कुतूहल नक्कल करता येत नाही.

संख्या जुळवून घेण्याचा मोह आवरल्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण रसायनाच्या इतिहासात आहे, आणि ते प्रत्येक प्रथम वर्षाच्या वर्गात सांगण्याच्या योग्यतेचे आहे. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले हे नत्रवायूची घनता मोजत होते. हवेतील प्राणवायू तप्त तांब्याने काढून टाकून उरलेला नत्रवायू त्यांनी तोलला. तसेच दुसऱ्या रीतीने, ज्यात काही नत्रवायू अमोनियापासून येतो, तोही तोलला. दोहोंत हजारात एक एवढा फरक पडला. हा फरक इतका अल्प होता की, सरासरी काढून पुढे जाता आले असते आणि कोणी बोट दाखवले नसते. रॅले यांनी १८९२ साली ‘नेचर’ या नियतकालिकास पत्र लिहून या फरकाचे कारण वाचकांसच विचारले. पुढे त्यांनी केले ते त्याहून विलक्षण. फरक झाकण्याऐवजी तो वाढवून पाहावा, असे त्यांनी ठरवले. सर्व नत्रवायू रासायनिक संयुगापासूनच मिळेल अशी योजना केली, तेव्हा फरक हजारात एकावरून दोनशेत एकावर गेला. म्हणजे हाताची चूक नव्हे. हवेतल्या नत्रवायूत काही तरी जड असे दडलेले आहे. विल्यम रॅमसे यांच्या सहकार्याने १८९४ साली तो दडलेला वायू सापडला. कोणाशीही संयोग न पावणारा म्हणून त्याचे नाव ‘आरगॉन’, म्हणजे ग्रीक भाषेत आळशी, असे ठेवण्यात आले. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो शेकडा एकाच्या जवळपास आहे. १९०४ साली रॅले यांस पदार्थविज्ञानाचे व रॅमसे यांस रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेचा एक पूर्वार्धही आहे आणि आमच्या विषयास तोच अधिक जवळचा आहे. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत प्राणवायू मिसळून तीत विजेच्या ठिणग्या पाडल्या व तयार झालेला वायू क्षारद्रवात शोषून घेतला. सर्व नत्रवायू नाहीसा व्हावयास हवा होता; परंतु एक बारीकसा बुडबुडा काही केल्या जाईना. तो बुडबुडा काय आहे हे कॅव्हेंडिश यांस कळले नाही, आणि त्या काळी ते कोणासही कळण्याजोगे नव्हते. त्यांनी एवढेच केले की, तो मूळ नत्रवायूच्या १/१२० भागाहून अधिक नव्हता, असे मापून लिहून ठेवले. ती नोंद शंभराहून अधिक वर्षे पडून राहिली आणि रॅले व रॅमसे यांनी ती पुन्हा वाचली तेव्हा त्या बुडबुड्यात आरगॉनच होता हे उघड झाले. कॅव्हेंडिश यांच्या ठिकाणी ‘अपेक्षित उत्तर’ लिहिणारा कोणी असता तर ‘सर्व वायू शोषला गेला’ असे एक नीटनेटके वाक्य त्याने लिहिले असते. त्या वाक्यास पूर्ण गुण मिळाले असते.

येथे दुसरा आक्षेप येतो. प्रत्येक विद्यार्थी काही रॅले नव्हे. त्याच्या १०.४ या वाचनात कोणताही नवा वायू दडलेला नसतो. ब्युरेट नीट धुतलेली नसते एवढेच. हे अगदी खरे. हजारांतील नऊशे नव्व्याण्णव विसंगती या निव्वळ हातच्या चुका असतात. पण आम्ही विचारतो, आपल्या हातची चूक ओळखणे ही काय थोडी विद्या झाली? ज्याने १०.४ लिहिले तोच मागे वळून पाहील: ब्युरेट द्रावणाने विसळली होती काय, टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला होता काय, अंतिम बिंदू उलटून गेला काय, डोळा पातळीच्या वर होता काय. ज्याने १०.४ पुसून १०.० केले त्याने आपली चूकही पुसली आणि ती सुधारण्याची संधीही पुसली. शिवाय, नवा वायू आणि न धुतलेली ब्युरेट यांत भेद कसा करावा? दोहोंचे तोंड आरंभी सारखेच असते. दोन्ही ‘न जुळणारी संख्या’ या वेषातच येतात. दुसऱ्यास घालवून देण्याची सवय ज्याने लावून घेतली त्याच्या दाराशी पहिला आला तरी तोही माघारीच जाणार.

मधल्या रकान्याच्या दुर्दशेस आणखी एक कारण आहे, व ते भाषेचे आहे. आमच्या भागातील बहुसंख्य मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावीस एकदम इंग्रजी रसायनाच्या पुढ्यात येऊन बसतात. तेथे सिल्व्हर क्लोराइडचा साका ‘कर्डी व्हाइट’ लिहावा लागतो. ज्या मुलीने घरी नासलेल्या दुधाच्या गुठळ्या शंभर वेळा पाहिल्या आहेत तिला तो साका ओळखण्यास क्षणाचाही अवधी लागू नये. पण ‘कर्डी’ हा शब्द तिला त्या गुठळ्यांपर्यंत पोहोचवीत नाही. बेरियमची ज्योत ‘ॲपल ग्रीन’. परंतु तिच्या गावच्या बाजारात सफरचंद येते ते लाल. तिने पोपटी म्हटले असते तर ते अचूक ठरले असते. परिणाम असा होतो की, डोळा पाहतो एक व हात लिहितो पाठ केलेले दुसरे, आणि हळूहळू डोळ्याने पाहणेच सोडून दिले जाते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत रसायनशास्त्रावर ग्रंथरचना केली होती. तेव्हा हे शास्त्र मराठीस पेलत नाही अशी सबब सांगण्यास जागा नाही. निदान निरीक्षणाचा रकाना तरी मुलाने आपल्या भाषेत भरावा. अनुमान परक्या भाषेत करता येते. साक्ष मात्र आपल्याच भाषेत नीट देता येते.

साक्ष हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरला, कारण दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे नैतिक दोषाच्या प्रश्नाचे, उत्तर त्यातच आहे. परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा मुलगा इतर मुलांवर अन्याय करतो. खोटे निरीक्षण लिहिणारा त्याहून वेगळे काही करतो. तो स्वतःच्या डोळ्यांची साक्ष फिरवतो. ‘मी पाहिले’ या दोन शब्दांवर जगाचा किती भार आहे याचा विचार करावा. नैयायिकांनी चौथे प्रमाण शब्द हे मानले, म्हणजे आप्ताचे वचन. ज्याने स्वतः जाणले आहे आणि जसे जाणले तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. विज्ञान हे प्रत्यक्षावर उभे आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, पण कोणताही एक मनुष्य विज्ञानातील सहस्रांश गोष्टीही स्वतः पडताळून पाहू शकत नाही. रॅले यांनी कॅव्हेंडिश यांचे बोल मानले ते का? त्यांस पाहिले नव्हते, ते तर कधीच निवर्तले होते. मानले ते एवढ्याचसाठी की, न कळलेला बुडबुडाही हा मनुष्य लिहून ठेवतो, त्या अर्थी त्याचे ‘पाहिले’ हे पाहिलेलेच असणार. आप्तपणा ही पदवी कोणतेही विद्यापीठ देत नाही. ती मधल्या रकान्यात एकेक ओळ करून मिळवावी लागते, आणि तेथेच ती गमावलीही जाते.

हा भार पुढे कोणावर येऊन पडतो हे आमच्या भागात तरी दूर शोधावयास नको. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ तारखेच्या पहिल्या गाडीतून पाच लक्ष लिटर पाणी आले. ज्या प्रदेशात पाण्याची ही अवस्था, तेथे लोक विंधन विहिरी अधिकाधिक खोल नेतात, आणि खोलवरून येणारे पाणी आपल्याबरोबर काय काय घेऊन येते हे डोळ्यांस दिसत नाही. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळलेले आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम. त्याहून अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडेही जखडतात. हे पाणी निर्मळ दिसते, चवीलाही वेगळे लागत नाही. हातपंपावर घागर भरणाऱ्या बाईस प्रत्यक्ष प्रमाण उपलब्ध नाही, अनुमानही नाही. तिच्याजवळ केवळ शब्द आहे, म्हणजे ज्याने तो नमुना तपासला त्याने कागदावर लिहिलेली संख्या. तो तपासणारा कोण? कधी काळी याच शहरांतील एखाद्या प्रयोगशाळेत ब्युरेट धरून उभा असलेला विद्यार्थी. अपेक्षित संख्या आधी लिहिण्याची सवय त्याच्या हातास जडली असेल, तर गेल्या वर्षीच्या अहवालातील १.० हा आकडा यंदाही न मोजता उतरवण्यास त्यास फारसा संकोच वाटणार नाही. आणि जी विद्यार्थिनी डॉक्टर होईल तिचे काय? रुग्णाची नाडी, ताप, रक्तदाब यांचा तक्ता हा तोच मधला रकाना आहे. तेथे मात्र पांढऱ्या क्षाराच्या जागी एक मनुष्य पडलेला असतो.

म्हणून हा दोष आम्ही वयसुलभ खोडी समजत नाही. परंतु याचा सर्व ठपका सतरा वर्षांच्या मुलावर ठेवण्यासही आम्ही तयार नाही. खरी नोंद करणाऱ्या मुलाचे दोन गुण कापले जातात आणि खोटी नोंद करणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात, अशी व्यवस्था आपण प्रौढांनीच उभी केली आहे. आणि वर त्याच मुलास सत्याचा उपदेश करावयाचा, हा न्याय नव्हे. दोन गुणांवर ज्याचा प्रवेश अवलंबून आहे त्याने ते सत्यास वाहावेत, अशी मागणी करण्याचा अधिकार ती व्यवस्था बदलल्याखेरीज कोणासही प्राप्त होत नाही. सुदैवाने हा बदल खर्चाचा नाही. अनुमापनासाठी प्रत्येक विद्यार्थ्यास किंचित निराळ्या संहतीचे द्रावण द्यावे, म्हणजे सर्वांना लागू पडेल असा एकच ‘बरोबर’ आकडा उरणार नाही. वाचने शाईने लिहवावीत, आणि चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. गुणांचा एक भाग उत्तरास असावा, पण तितकाच भाग न जुळलेल्या संख्येचे कारण विद्यार्थी काय देतो, यास असावा. आणि निरीक्षणाची भाषा ज्याची त्यास निवडू द्यावी.

लातूर व नांदेड येथील महाविद्यालयांनी शिस्तीने व श्रमाने काय साधते हे सर्व महाराष्ट्रास दाखवून दिले आहे. ज्यांना चाचणीमागून चाचणी घेण्याचा उत्साह आहे, त्यांस प्रयोगशाळेतील ही चाचणी घेणे जड जाऊ नये. एखादा परीक्षक जर्नलच्या मधल्या रकान्यात ‘अपेक्षित साका दिसला नाही’ हे वाक्य वाचतो, ते खरे आहे अशी खात्री करून घेतो, आणि त्यापुढे गुण मांडतो. अशा परीक्षकाच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी पुढे गावच्या पाण्याविषयी किंवा घरच्या रुग्णाविषयी जे लिहून देईल, ते आम्ही दुसऱ्यास विचारावयास न जाता मान्य करू.